कुंपणावरचा आणि कुंपणाखालची

तिसगाव, ता. पाथर्डी
वैशाख

चि. छोटीस,


तुझे दोन्ही फोटो मिळाले. तुझ्या काकाने ते टीव्हीवर मोठे करून दाखवले, त्यामुळे खवलेसुद्धा नीट दिसले. लाल गळ्याचा, गाल फुगवलेला, पाठीवर दातेरी तुरा असलेला तो नर. आणि त्याच्या खाली मातीत बसलेली, तपकिरी, पाठीच्या दोन्ही अंगांना फिकट पट्टे असलेली, जी तुला ‘दुसऱ्याच कुठल्या जातीची’ वाटली, ती त्याच जातीची मादी. तू लिहितेस, शिकवणीत सांगितलं की नर रंगीत असतो कारण त्याला मादीला आकर्षून घ्यायचं असतं. परीक्षेत एवढं लिहिलंस तरी गुण मिळतील. पण तू विचारलंयस ‘कसं झालं हे?’, आणि त्याचं उत्तर त्या एका वाक्यात नाही. म्हणून हे पत्र.

आपल्या शेताच्या बांधाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण आहे, आठवतंय ना? पहिला वळीव पडून गेला की त्याच्यावर सरड्यांची हजेरी लागते. नर सगळ्यात उंच काटकीवर चढतो, पुढचे पाय ताठ करून जोर मारतो, थांबतो, मान वर करतो, पुन्हा जोर मारतो. गळा, डोकं, खांदे लालभडक, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळा डाग. पोरं म्हणतात तो लांबूनच माणसाचं रक्त पितो, आणि दगड मारतात. तुझ्यासमोर कुणी मारला तर हात धर.

आता नीट बघ, हा सगळा थाट कुणासाठी चाललाय. बहुतेक वेळा आसपास मादी नसतेच. असतो तो पलीकडच्या खांबावरचा दुसरा नर. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ हे आपण दुसऱ्याला हिणवायला म्हणतो, पण ज्याने ती म्हण पहिल्यांदा काढली त्याची नजर चांगली असली पाहिजे. विणीच्या दिवसांत नराची धाव खरंच तेवढीच असते, कारण तेवढं कुंपण ही त्याची वहिवाट असते. दुसरा नर आत शिरला की आधी दोघंही फुगतात, आडवे उभे राहून अंग मोठं दाखवतात, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर एकमेकांचे जबडे धरतात. तुझ्या फोटोतले ते फुगीर गाल शोभेचे नाहीत. त्यांच्या आत जबडा मिटवणारे स्नायू आहेत. ज्याचं डोकं रुंद, त्याचा चावा जोराचा. हरलेल्या नराचा लाल रंग बघता बघता उतरतो आणि तो जवळजवळ मादीच्या रंगाचा होऊन खाली निघून जातो. तेव्हा ‘नर मादीसाठी नटतो’ ही गोष्टीची एक बाजू झाली. निम्मं नटणं दुसऱ्या नराला दम भरण्यासाठी असतं.

डार्विनने या दोन्ही बाजू १८७१ साली ‘डिसेंट ऑफ मॅन’ या पुस्तकात मांडल्या. नरांची आपसांतली झुंज आणि मादीची निवड, अशा दोन वाटांनी नर आणि मादी पिढ्यान्‌पिढ्या वेगळे होत जातात, असं त्याचं म्हणणं. तुला गंमत वाटेल, त्या पुस्तकात दाखल्यासाठी त्याने आपल्याकडचा एक सरडा घेतला आहे. नराच्या गळ्याला पंख्यासारखी मिटणारी-उघडणारी पिशवी, तिच्यावर निळा, काळा आणि लाल रंग, तोही फक्त विणीच्या दिवसांत, आणि मादीला त्या पिशवीचा मागमूसही नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. स्वतः तो सरडा त्याने इथे येऊन पाहिला नव्हता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या अल्बर्ट गुंथरच्या हिंदुस्थानातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवरच्या ग्रंथावरून त्याने ते घेतलं.

हे पंखेवाले सरडे आपल्या दख्खनच्या उघड्या माळांवरचे. आपल्या गर्भगिरीच्या उतारावर, वृद्धेश्वराकडे जाताना रस्त्याच्या कडेला मुरूम आणि खुरटं गवत लागतं, तसली जागा त्यांना लागते. अंगाने बोटभर, रंग अगदी मातीचा, आणि भ्यायले की मागच्या दोन पायांवर उभं राहून सुसाट पळतात. नर एखाद्या धोंड्यावर चढतो आणि जिभेखालचं लांब हाड पुढे ढकलून गळ्याचा पंखा फटकन उघडतो, मिटतो, परत उघडतो. मिटल्यावर तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. बऱ्याच जातींत हा पंखा लहान आणि पांढुरका असतो. पण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जो मिळतो त्याचा पंखा पोटापर्यंत पोचतो, आणि त्याच्यावर मोरपंखी चमकणारा निळा, मग काळा, मग नारिंगी. व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या साऱ्या सरड्यांची नव्याने छाननी केली, मोठ्या रंगीत पंख्यांच्या जातींसाठी वेगळी प्रजाती केली आणि तिला सरळ आपलं मराठी नाव दिलं: ‘सरडा’. चाळकेवाडीचा तो ‘सरडा सुपर्बा’. दुसऱ्या एका जातीला त्यांनी डार्विनचं नाव दिलं, ‘सरडा डार्विनी’.

हा निळा रंग मला फार आवडतो, कारण तो रंगद्रव्याचा नाही. कातडीतल्या काही पेशींत अगदी बारीक, चकचकीत स्फटिकांचे थर असतात, त्यांच्यावरून उजेड असा परततो की निळाच तेवढा डोळ्याला पोचतो. म्हणून मान जराशी वळली की रंगही हलतो.

पण आता मादीकडे ये. मासिकांत फोटो नराचा, पोस्टरवर नर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही नरच. पंख्याच्या सरड्यांत तर नुसती मादी हाती आली तर जात ओळखताना जाणकारसुद्धा अडखळतात. त्यामुळे आपली अशी समजूत होते की मूळचा सरडा म्हणजे साधी तपकिरी मादी, आणि नराने त्यावर साज चढवला. म्हणजे उत्क्रांती फक्त नराची झाली, मादी आहे तिथेच राहिली. हे मला अजिबात पटत नाही. डार्विनच्याच काळातल्या वॉलेसनेही यावर त्याच्याशी वाद घातला होता. पक्ष्यांविषयी बोलताना त्याचं म्हणणं असं की मादीचा मळका रंगसुद्धा निवडीतूनच आलेला आहे. अंड्यांवर बसणारी मादी उठून दिसली तर ती आणि तिची अंडी दोन्ही गेली.

सरडी अंड्यांवर बसत नाही, पण अंडी घालताना ती बसते ते बघायला हवं. पावसाने माती मऊ झाली की ती कुंपणावरून उतरते, वाफ्याच्या कडेला पुढच्या पायांनी माती उकरते, मागच्या पायांनी बाहेर लोटते. थोडं उकरते, थांबते, मान फिरवून आजूबाजूला बघते. मग खड्ड्यात पाठीमागून उतरून दहा-वीस अंडी घालते, माती ओढून घेते आणि तोंडाच्या शेंड्याने ठोकून ठोकून जागा सपाट करते. एवढा सगळा वेळ ती उघड्यावर, जमिनीवर असते, आणि वर घिरट्या घालणारी घार किंवा तारेवरचा खाटीक पक्षी तिला बघत असतो. तिचे ते फिकट पट्टे आणि वाळल्या काटकीचा रंग तेव्हा उपयोगी पडतो. आणि तिचं अंग? सरड्यांच्या कितीतरी जातींत मादीचं धड लांबट असतं, पुढच्या आणि मागच्या पायांमधलं अंतर जास्त. तेवढी जागा जास्त म्हणजे तेवढी अंडी जास्त. नराचं डोकं झुंजीने मोठं केलं, मादीचं पोट अंड्यांनी लांब केलं. कोणाला साधी म्हणायचं?

आता तुझा खरा प्रश्न. आई एक, बाप एक, एकाच खड्ड्यातली अंडी, मग एक पिल्लू लाल गळ्याचं आणि दुसरं तपकिरी कसं? तुला वाटेल नराची जनुकं वेगळी आणि मादीची वेगळी. तसं नाही. लाल गळ्याची कृती मुलीकडेही असते, लांब धडाची कृती मुलाकडेही असते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या या कुंपणावरच्या सरड्याची अंडी वेगवेगळ्या उष्णतेत उबवली. वेगळं लिंगगुणसूत्र या सरड्यात दिसून येत नाही. त्यांना आढळलं की पिल्लू नर होणार की मादी हे उबेवर ठरतं, आणि तेही विचित्र तऱ्हेने. ऊब वाढवत नेली तर आधी माद्या, मग नर, मग पुन्हा माद्या, मग पुन्हा नर. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे ज्या अंड्यातून कुंपणावर मिरवणारा नर निघाला, तेच अंडं जरा वेगळ्या उबेत असतं तर त्यातून अंडी घालणारी मादी निघाली असती.

मग फरक येतो कुठून? आपल्याकडे मुळेच्या उजव्या कालव्याचं पाणी येतं तेव्हा काय होतं ते आठव. पाणी सगळ्यांना एकच. पण कोणत्या चारीचं दार कधी उघडायचं आणि किती वेळ, हे पाटकरी ठरवतो, आणि त्यावरून एका शेतात ऊस उभा राहतो, दुसऱ्यात ज्वारी. अंगातला हा पाटकरी म्हणजे संप्रेरकं. नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलं की काही जनुकांची दारं उघडतात, काहींची मिटतात, आणि गळा लाल होऊ लागतो. हा पाटकरी सगळ्या गावांत एकाच नियमाने वागतो असंही नाही. अमेरिकेतल्या काटेरी खवल्यांच्या सरड्यांवर केलेले प्रयोग मला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटतात. ज्या जातीत नर मोठे असतात, तिथे टेस्टोस्टेरॉन वाढीला जोर देतं. तिच्याच जवळच्या नात्यातल्या ज्या जातीत माद्या मोठ्या, तिथे तेच टेस्टोस्टेरॉन नराची वाढ रोखतं. संप्रेरक तेच, परिणाम उलटा. उत्क्रांतीने नवं शरीर घडवण्याऐवजी दार कुठे बसवायचं तेवढं बदललं.

आणि इथेच एक अडचण आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. दार नीट बसलेलं नसेल तर नराच्या फायद्याची गोष्ट मुलीच्या अंगावरही उमटते. लालभडक बापाची मुलगी जरा जास्त उठून दिसली तर ती खाटकाच्या तोंडी जाणार. म्हणजे एकाच घरात बाप कमावतो आणि लेक गमावते. हा झगडा जसजसा मिटत जातो, म्हणजे ते जनुक मुलीत गप्प राहील आणि मुलात बोलेल अशी सोय पिढ्यांमागून पिढ्या पक्की होत जाते, तसतसा नर-मादीतला फरक वाढत जातो. नराच्या पंख्याचा आकार मोठा होत गेला ही अर्धी कथा. तो मुलीच्या गळ्यावर उगवायचा थांबला, ही उरलेली अर्धी.

घरातच बघायचं असेल तर पाल बघ. रात्री खिडकीच्या काचेवर बाहेरच्या बाजूने चिकटलेली असली की आतून बॅटरी मार आणि तिचं पोट बघ. मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक ठिपक्यांची ओळ दिसली आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे दिसले तर तो नर. ते ठिपके म्हणजे छिद्रं, त्यातून मेणासारखा पदार्थ येतो आणि भिंतीवर त्याचा वास राहतो. मादी गाभण असेल तर पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी स्पष्ट दिसतात. दोनच, कारण पाली एका वेळी साधारण दोनच अंडी घालतात. मादीचं अंग कितीही वाढलं तरी अंडी वाढायची नाहीत, मग लांब धडाचा तिला तेवढा उपयोग नाही. आणि पाल रात्रीची, अंधारात लाल गळा कुणाला दिसणार? म्हणून तिथे फरक वासात आणि चुकचुकण्यात. आता हे ताडून बघायचं तर सह्याद्रीत जायचं. तिथल्या कातळांवर आणि झाडांवर इवल्याशा पाली आहेत, ज्या दिवसा वावरतात. त्यांच्यातल्या काही जातींत नराचा गळा पिवळा-नारिंगी असतो. पालीच्या कुळात उजेडात आल्यावर रंग परतला. सापसुरळीतही बघ, विणीच्या दिवसांत नराच्या कुशीवर नारिंगी-लाल झाक चढते.

घोरपडीत मात्र वरून काहीच कळत नाही, आणि त्यापायी एक वाईट गोष्ट घडते. नर घोरपडीचा जननावयव सुकवून ‘हाथाजोडी’ नावाची दुर्मीळ मुळी म्हणून विकतात, पैसा येतो म्हणे. झाडाची मुळी समजून लोक देव्हाऱ्यात ठेवतात. घोरपडीला वन्यजीव कायद्यात सर्वांत वरचं संरक्षण आहे, तरी हे चालतं. कुणी दाखवली तर काय आहे ते स्पष्ट सांग, संकोच करू नकोस.

आता परत चाळकेवाडीला. पारनेरच्या कवड्या डोंगरावर जशा पवनचक्क्या आहेत तशा तिथेही आहेत, आणि फार मोठ्या संख्येने. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी चक्क्यांच्या भागातले सरडे आणि जवळच्याच चक्क्या नसलेल्या भागातले सरडे तपासले. २०१८ साली त्यांचा निबंध आला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी. त्यामुळे सरडे जास्त, निवांत, माणूस अगदी जवळ गेला तरी पळायची घाई नाही. इथवर वाचून तू काय म्हणशील? शिकारी कमी, मग नरांनी आणखी भडक व्हायला हवं. मीही तेच म्हटलं असतं, कारण गप्पी माशांत तसंच होतं. आरोग्य खात्याची माणसं डासांसाठी आडात सोडतात ना, तेच गप्पी. त्रिनिदादच्या ओढ्यांत जॉन एंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने मोठ्या शिकारी माशांजवळ राहणारे गप्पी उचलून तसले मोठे शिकारी नसलेल्या ओढ्यात सोडले. दोन वर्षांच्या आत नर आधीपेक्षा रंगीत दिसू लागले. १९८० साली त्याने ते लिहिलं.

चाळकेवाडीला उलटं झालं. पंख्याचा निळा आणि नारिंगी दोन्ही फिके. सरडे अंगानेही बारीक. अंदाज असा की शिकारी गेले तशी सरड्यांची गर्दी झाली, तेवढ्याच किड्यांवर जास्त तोंडं, आणि अर्धपोटी अंगाला रंगाचा खर्च परवडेना. मला हा निबंध म्हणून फार मोलाचा वाटतो. शिकारी, मादी आणि वैरी एवढ्या तिघांवर सगळं ठरतं असं मानणाऱ्यांना त्याने चौथा सांगितला, भूक.

पण इथे तू घाई करू नकोस. गप्प्यांत बदल पिढ्यांमधून वंशात उतरला. चाळकेवाडीच्या नरांचा रंग वंशातच उतरला आहे, की त्याच नराला चांगलं खायला मिळालं असतं तर तो याच जन्मात उजळला असता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. वेगळे करायचे तर दोन्हीकडची अंडी आणून एकाच जागी, एकाच खुराकावर पिल्लं वाढवायची आणि मोठं झाल्यावर पंखे बघायचे. बारावीनंतर काय करायचं असं विचारत होतीस. हे एक काम आहे.

सुट्टीत येशील तेव्हा सकाळी ऊन जरा चढल्यावर बांधावर बस, साधारण आठ ते दहा. त्या वेळी सरडे ऊन खात असतात, लांब पळत नाहीत. काकाची दुर्बीण घे. जवळ जाऊ नकोस, आणि पोरं मानेला दोरा बांधून सरडा फिरवतात, तसलं काही होऊ देऊ नकोस. वही घे, पण पान मधोमध रेघ मारून दोन भाग कर: डावीकडे नर, उजवीकडे मादी. नराचं लिहिणं सोपं, तो आपणहून दाखवतो. मादी शोधावी लागते, म्हणून उजवी बाजू आधी भरायची सवय लाव. ती कुठे बसते, किती वेळ, कुणाकडे बघते, कुठल्या नराच्या कुंपणाखाली राहते आणि कधी सोडून जाते, हे वेळेसकट लिही. एवढ्या वर्षांत मी विद्यार्थ्यांनी भरलेल्या नरांच्या वह्या भरपूर तपासल्या, मादीची वही एकाही मुलाने दिली नाही.

आंबे पाठवले आहेत, पेटी लगेच उघडा. काकाला फोन करून गाडी कोणती ते कळव, तिसगावच्या स्टँडवर तो येईल.

तुझी,
आजी